तात्यांची मोटार

किस्से काय, कुणी मुद्दाम जमवत नाही. दापोडीच्या वर्कशॉपात आमचे वेल्डर तात्या होते, एवढं पुरे! चाकणकडचा शेतकरी गडी. त्यांच्या लेकीचं, सोनूचं लग्न ठरलं आणि व्याह्यांनी अट घातली, "वरात मोठ्या मोटारीतनंच निघंल, न्हाईतर सोयरीक मोडली!"

संस्थानं गेली होती, राजेलोकांच्या लांबलचक मोटारी स्वस्तात निघत होत्या. तात्या म्हणाले, "इकतच घेऊ. लगीन झालं की चाकण-पिंपरी शिटा भरू." पारखायला मी आणि आमचा कोकणी फिटर परब. झालं, तिथून जो घोळ सुरू झाला!

*

पिंपरी कॅम्पातला दलाल म्हणाला, "एकदम बढिया! सिर्फ दो मालिक!"

तात्यांनी विचारलं, "बढिया हाय, तर दोघांनी सोडली का?"

दलालानं बॉनेट बंद केलं.

*

दुसरी गाडी परबाला पसंत पडली. "इंजिन बघा, आवाजच नाही!"

"आवाज न्हाई? म्हंजी आजारी हाय!"

तिसरी धडधडत होती. तात्या खूश, परब डोकं धरून बसला. शेवटी चांगली कुठली, हे मलाही सांगता येईना. वर तात्या मालकाला म्हणतात, "चार दिस न्हेतो, नांगराला जुंपून बघतो!"

*

चिंचवडच्या म्हाताऱ्या दिवाणसाहेबांची काळी मोटार मात्र तिघांनाही आवडली. तात्यांनी बैलबाजारातल्यासारखं साहेबांच्या हातावर उपरणं टाकलं आणि खाली त्यांची बोटं दाबून भाव सांगायला लागले.

साहेब घाबरले. "वैद्य आहात का? नाडी बरी आहे ना माझी?"

तरीही सौदा झाला. कसा झाला, देव जाणे!

*

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी आणायला गेलो. साहेबांनी किल्ली दिली. तात्यांनी ती कपाळाला लावली आणि त्यांच्याच हातात परत ठेवली.

"जनावर इकलं तरी दावं मालकाकडंच ऱ्हातंय, साहेब. आमी नवं आणलंय." आणि पिशवीतून कोरा दोर काढून बंपरला बांधला!

परब ओरडला, "अहो, किल्लीशिवाय चालेल कशी?"

"इकणाऱ्याचं दावं घरात आणून अपशकुन करू? माझ्या पोरीचं लगीन हाय!" साहेबांनी किल्ली खिशात घातली आणि गाडीवरून एकदा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी वरात निघाली. पुढे झुली घातलेली बैलजोडी, मागे दोराला काळी मोटार, आत नवरा-नवरी. सोनूची मान वर होईना. व्याही मोटारीभोवती फिरले, मग बैलांभोवती फिरले. वाजंत्री थांबली. तात्यांनी कासरा आवळून धरला.

व्याह्यांनी विचारलं, "यातलं भाड्याचं काय, बैल का मोटार?"

"दोन्ही घरचीच हायेत!"

व्याह्यांनी फेटा नीट केला, दार उघडलं आणि नवरा-नवरीच्या मधे जाऊन बसले.