एक पानगा जास्तीचा

मागच्या रविवारी पातूरजवळ भावाच्या शेतात पंगतीला बसले. चारचौघांत, दीड वर्षानंतर…

नव्या मित्रमंडळींसाठी सांगते. मला जिभेचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, मग दीड महिना रेडिएशनचे शेक. कॅन्सर गेला, पण जाताना लाळ सोबत घेऊन गेला. घास तोंडात कोरडाच फिरतो, पाण्याच्या घोटाने आत ढकलावा लागतो. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांतून धारा.

"मॅडम, तंबाखू-खर्रा खायच्या का हो?" असं विचारणारे भेटतातच. नाही हो, पंचवीस वर्षं फक्त खडू खाल्ला.

एका पोळीला मला पाऊण तास लागतो. म्हणून शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्याजणी स्टाफरूममध्ये डबे उघडतात तेव्हा मी लायब्ररीत कपाटाआड बसून पेज पिते. घरी ह्यांना आधी वाढून मोकळं करते. माझ्यासाठी कोणी हात वाळवत बसलेलं मला खपत नाही… स्वभाव, दुसरं काय.

तर रविवारी भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. सोयाबीन दोन वर्षं हातचं गेलेलं, त्यामुळे हॉल वगैरे नाही. शेतातच पानगे, वरण आणि वांग्याची भाजी. पळसाच्या पानांत गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या पानग्यांचा वास अख्ख्या शिवारात सुटला होता. वास मात्र मला अजून येतो बरं का, तेवढं राहिलंय.

मी जेवायचं नाही असं ठरवूनच गेले होते. पिशवीत पेजेचा थर्मास होता. पण वहिनी पुढ्यात येऊन उभी राहिली. "ताई, पाहुण्यांसमोर नवरदेवाची आत्याच पंगतीत नाई बसली तं बरं दिसन काय? तुमच्यासाठी बिनतिखटाची भाजी वायली काढली मी." आता वेगळी भाजी काढणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बसले.

आणि बसल्यावर आठवलं… पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठत नाही. समोर नवे व्याही. बांधावर दुसऱ्या पंगतीच्या बाया लेकरं घेऊन थांबलेल्या, उपाशी.

पानगा वरणात चुरला, वर तूप घेतलं आणि एकेक घास ढकलायला सुरुवात केली. माझा अर्धा पानगा होईस्तोवर सगळ्यांचे हात थांबले. व्याही रिकाम्या पत्रावळीवर बोट फिरवत बसले. उरलेलं तसंच टाकून "झालं माझं" म्हणणार होते…

तेवढ्यात शेजारी बसलेले याकूबचाचा म्हणाले, "इकडं आना एक पानगा."

चाचांचं शेत आमच्या बांधाला लागून. वय सत्तरीच्या पुढे, मला फ्रॉकमध्ये असल्यापासून ओळखतात. पानगा आला. थोड्या वेळाने आणखी एक मागितला. मग वरण. मग वरूडच्या जावयाच्या संत्र्यांची गोष्ट निघाली, ती काही संपेना. मग पुन्हा दोन पानगे. वाढता वाढता भाऊ वैतागला, "चाचा, जागा हाये ना पोटात?" सगळी पंगत हसली.

माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. आपल्यापेक्षा हळू जेवणारं कोणीतरी भेटलं म्हणून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. वर त्यांनाच चिडवलं, "चाचा, चाचींनी दोन दिवस उपाशी ठेवलं की काय?" ते नुसते हसले. मी शांतपणे पानगा संपवला. पत्रावळ दुमडली, तसे चाचाही म्हणाले, "बस, झालं."

हात धुवायला मोटरकडे गेले तर गोठ्याशी चाचा उभे. खांद्यावरचा दुपट्टा उघडून बैलाला पानगा चारत होते. दुपट्ट्यात आणखी तीन होते… अख्खे.

मी विचारलं, हे काय? जरा ओशाळले. म्हणाले, "अन्न फेकाचं तं नाई. माहं पोट कवाचंच भरलं होतं बेटा. पन तू जेवून राहिली होती नं."

मग बैलाच्या पाठीवर हात फिरवत त्यांनी धाकट्या भावाचं सांगितलं. त्याला गालाचा कॅन्सर झाला होता. इलाज झाला, बरा झाला, पण जेवायला फार वेळ लागायचा. घरचे आपापलं जेवून कामाला जायचे, चाचाही. "एक दिवस त्यानं आमच्यात येऊन बसनंच सोडलं. मंग हळूहळू खानं सोडलं. तोंड बरं झालं होतं बेटा त्याचं. आमी कोनी बसलो नाई त्याच्यासंगं."

मला रडू आवरलं नाही. बैल पानगा चावत होता. त्यालाही बराच वेळ लागत होता.

सोमवारी स्टाफरूममध्ये डबा उघडला. सगळ्यांचं आटोपलं तेव्हा माझा अर्धा बाकी होता. गणिताच्या मॅडम उठायला लागल्या, आणि मी म्हटलं, "जरा बसता का? माझं व्हायचंय." असं कोणाला म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. त्या बसल्या. काही आभाळ कोसळलं नाही.

चाचा, तुम्ही फेसबुक बघत नाही, तरी लिहिते. ते चार पानगे बैलाने खाल्ले… पण अंगी माझ्या लागले.