मी पाठवलेला व्हिडिओ

कासू गावच्या एका फिटरबरोबर मी रोह्याच्या कंपनीत बारा वर्षं काम केलं. मी पेणचा, इन्स्ट्रुमेंटचा इंजिनियर. तो पंप आणि व्हॉल्व्ह उघडणारा. कंपनीत मला साहेब म्हणायचा, बाहेर सरळ अरे-तुरे. परदेशातल्या एका प्लांटचं तीन महिन्यांचं शटडाउनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीचं, काम आलं, तेव्हा कंपनीने आमची दोघांची नावं दिली. देशाचं नाव लिहीत नाही. आपली पुष्कळ माणसं तिथे आजही आहेत.

तेव्हा तिथे दंगे सुरू झाले होते. माझी मोठी बहीण पेणला हायस्कुलात शिकवते. तिने सरकारची प्रवासाची सूचना मोबाइलवर उघडून मला दोनदा वाचून दाखवली. अनावश्यक प्रवास टाळा. मोर्चांपासून लांब राहा. आणि खाली एक ओळ होती: तिथल्या कायद्याप्रमाणे पोलीस कुठेही फोन तपासू शकतात, उघडून द्यायला नकार देणं गुन्हा आहे, आणि दंग्याचं चित्रण जवळ सापडणं हाही गुन्हा आहे.

"अनावश्यक म्हणजे काय ते तूच ठरव," ताई म्हणाली. "पण जाणारच असलास तर जुना फोन ने, पार रिकामा करून. त्याचाही फोन बघ हां. चॅट उडवले तरी व्हिडिओ गॅलरीत राहतात."

मला जायचं होतं. रोह्याच्या त्याच टाक्या आणि तेच मीटर बघून जीव विटला होता. म्हणून त्या सूचनेतल्या प्रत्येक ओळीचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. दंगे राजधानीत, आमचा प्लांट लांब. काम ठरलेलं, म्हणजे प्रवास आवश्यकच.

फिटर तर हसलाच. "माझ्या फोनात काय हाय? भातलावणीचे फोटू नि पोरीचं गॅदरिंग."

त्याला गांभीर्य कळावं म्हणून मी त्याला तिथला एक व्हिडिओ पाठवला. जळणारी बस, रस्त्यावर पडलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यावर बसणाऱ्या काठ्या.

"बघितलास?" मी विचारलं.

"व्हय. कुत्र्यासारखं मारतात रे."

निघायच्या आदल्या दिवशी कामावर जाताना गाडीत मी त्याला सगळे चॅट उडवायला लावले. माझ्यासमोर त्याने ते उडवले. गॅलरीचं मला सुचलंच नाही, असं पुढे कित्येक दिवस मी लोकांना सांगत होतो. सुचलं होतं. तेवढ्यात रोहा आलं, उतरायची घाई झाली, आणि राहून गेलं.

तिथे उतरून प्लांटच्या गाडीने निघालो आणि तासाभरात पोलिसांचा नाका लागला. वर्दीतले पाच जण होते. आमच्या ड्रायव्हरला हिंदी येत होती. त्याने सांगितलं, खाली उतरा, फोन उघडून हातात द्या. माझा रिकामा केलेला जुना फोन एकाने वर-खाली करून बघितला आणि परत दिला. दुसरा फिटरचा फोन बघत होता. त्याचं बोट मध्येच थांबलं. फोनमधून किंकाळी ऐकू आली, मग काठ्यांचा आवाज. तो आवाज मी ओळखला.

पहिला फटका बंदुकीच्या दस्त्याचा, फिटरच्या डाव्या कानावर. तो गुडघ्यांवर बसला. दुसऱ्याने बूट तोंडावर घातला, तसा तो आडवा झाला आणि धुळीत रक्त थुंकला. रक्तात दात होता.

"किसने भेजा, पूछ रहे हैं," ड्रायव्हर रडवेल्या आवाजात म्हणाला.

फिटरने मान उचलून माझ्याकडे एकदा पाहिलं. कानातून आलेली रक्ताची धार कॉलरमध्ये शिरत होती.

"गाव का ग्रुप," तो म्हणाला.

त्यांनी त्याला ओढत आमच्या गाडीशी नेलं, त्याचा उजवा पंजा दाराच्या फटीत धरला आणि दार आपटलं. तो असा ओरडला की ड्रायव्हरने डोळे मिटले. पुन्हा तोच प्रश्न.

"गाव का ग्रुप."

पुन्हा दार.

मी तीन पावलांवर उभा होतो. माझी पँट ओली झाली होती. तोंडातून शब्द निघाला नाही. त्याला जीपमध्ये टाकून ते निघून गेले, आणि ड्रायव्हर मला म्हणाला, बैठो.

आपल्या वकिलातीच्या माणसांनी धावपळ करून त्याला सहाव्या दिवशी सोडवलं. आम्ही एकाच विमानाने परत आलो. त्याच्या जबड्याला तारा होत्या, त्यामुळे बोलणं झालं नाही. ते मला सोयीचंच होतं.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी रोह्याच्या दवाखान्यात गेलो. खाटेपाशी त्याची बायको आणि धाकटा भाऊ होते.

"भावजी, तुमी संगती होतात ना?" वहिनी म्हणाल्या. "तो मेला व्हिडिओ याला धाडला कुनी?"

"मी, वहिनी."

भावाचा पहिला ठोसा नाकावर बसला. कॉलर धरून त्याने मला व्हरांड्यात ओढलं, भिंतीवर आपटलं, आणि मी खाली पडल्यावर बरगड्यांत लाथा घातल्या. "नि उभा ऱ्हायलास? बघत उभा ऱ्हायलास?" मार खाऊन मन हलकं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फक्त दुखलं, आणि मी "सोड, सोड" म्हणून ओरडलो. नाक्यावर जो आवाज फुटला नव्हता, तो तिथे फुटला. आत फिटर प्लास्टरमधला हात खाटेच्या दांडीवर आपटत होता. त्या आवाजाने भाऊ थांबला. वहिनींनी मला उठवलं नाही. एका नर्सने उठवलं.

दोन महिन्यांनी, तारा निघाल्यावर, मी कासूला त्याच्या घरी गेलो. ओटीवर तो एकटाच होता. माझं नाव का नाही घेतलंस, असं मी विचारलं.

"तुला मारला असता, नि मलाबी सोडला नसता. दोघांचा कशाला?" तो म्हणाला. "पण एक पाऊल तरी पुढं यायचास."

मी चहा न घेताच उठलो.

डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, त्यामुळे पाना धरता येत नाही. कंपनीने त्याला स्टोअरला घेतलं आहे. गॅस्केट लागलं की मी खिडकीशी जातो. तो डाव्या हाताने रजिस्टरमध्ये नोंद करतो. ते अक्षर अजून बसलेलं नाही. एक ओळ लिहायला त्याला बराच वेळ लागतो.