नकाशावरचा अर्ज

अर्ज लिहायला घेण्यापूर्वी मी समोरच्या माणसाला एकच प्रश्न विचारतो: अर्ज कोणाच्या नावे? तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली आयुष्याचा मोठा भाग काढल्यावर मी खात्रीने सांगू शकतो की निम्म्या लोकांना आपले दुःख ठाऊक असते, पण ते ऐकणारा अधिकारी ठाऊक नसतो. माझी शाळा नववीत सुटली. इंग्रजी मी एका वकिलांकडे टंकलेखन करता करता कमावले, आणि स्वल्पविराम कोठे द्यावा हे विचारायला आजही हुबळीतले पदवीधर माझ्या टेबलाशी थांबतात, असे म्हटले तर ती आत्मप्रौढी ठरू नये.

हातात मोबाइल आल्यापासून मला एक नवाच छंद जडला. लोक फोनवर लिहितात ते इंग्रजी मी निरखून वाचतो. पूर्णविराम नाही, मोठे अक्षर नाही, शब्दांतले स्वर गळालेले. सर्वांत नवल वाटते ते हे की इंग्रजीने ज्या ‘मी’ला कायम मोठ्या अक्षराचा मान दिला, तो ‘मी’ही ही मंडळी लहान अक्षरात लिहितात. ही नम्रता म्हणावी की आळस, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

कमरीपेठेत एक अक्का खानावळ चालवतात. कुटुंब मूळचे सांगलीकडचे. घरात मराठी, गिऱ्हाइकांशी कन्नड. जावयाने त्यांची खानावळ फोनच्या नकाशावर चढवून दिली होती. एके दुपारी अक्का तो फोन घेऊन माझ्याकडे आल्या. कोणीतरी खानावळीला एकच तारा देऊन खाली इंग्रजीत तक्रार लिहिली होती. एरवी त्यांनी ती मनावर घेतली नसती. पण नोकरी करणाऱ्या मुलींच्या एका वसतिगृहाचे दोन्ही वेळचे डबे त्यांना मिळू घातले होते, आणि तिथल्या व्यवस्थापकांनी नेमके ते वाचले होते. आधी याचे उत्तर द्या, मग सोमवारी ठरवू, असा त्यांचा निरोप होता. भाकऱ्या थापायला अक्कांनी दोन बायका बोलूनही ठेवल्या होत्या.

मी मजकूर वाचला आणि माझ्या शिरस्त्याप्रमाणे त्याचे सार सांगितले: जेवण वाईट, घरच्यांना पोटाचा त्रास, कोणी जाऊ नये. लेखन इतके अशुद्ध होते की त्याला तितक्याच शुद्ध उत्तराने गप्प करावे, असे माझ्या मनाने घेतले. मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“ज्यानं लिवलंय त्याच्याच नावे की,” अक्का म्हणाल्या.

मी त्यांना समजावले की तक्रारदार हा अधिकारी नसतो. मग अधिकारी कोण? नकाशावाली कंपनी? ती तर काहीच ठरवत नाही. व्यवस्थापक? ते वाचणार, पण त्यांच्यासोबत रस्त्याने जाणारा कोणीही वाचणार. ज्याला सगळेच वाचतात अशा अर्जाला मायना कोणता, हे मला कोणत्याही वकिलाने शिकवले नव्हते. अखेर मी ‘आदरणीय महोदय अथवा महोदया’ असा मध्यम मार्ग काढला.

खाली विषय, संदर्भ आणि क्रमांक घातलेले परिच्छेद. आमच्या धंद्यात अर्ज नेहमी वाकून सुरू होतो. हात जोडून सादर करते की, झालेल्या गैरसोयीबद्दल उदार अंतःकरणाने क्षमा करावी, अशी चार वाक्ये झाल्यावर मुद्दा येतो. देवळात शिरताना चपला काढाव्यात तसे हे असते; कचेरीतला कारकून त्या वाक्यांवर नजरसुद्धा टाकत नाही. मी ते सगळे इंग्रजीत अक्कांच्या फोनवर लिहिले, पुन्हा पुन्हा तपासले आणि पाठवून दिले. त्यात एक टिंब इकडचे तिकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी अक्का पुन्हा आल्या. व्यवस्थापकांचा फोन आला होता. मालकीणच हात जोडून माफी मागते आहे म्हटल्यावर मी मुलींना काय सांगू, असे त्यांनी विचारले होते.

“अण्णा, मी माफी कशाला मागितली?”

मी सांगितले की ती माफी नव्हे, पद्धत आहे.

“ती कचेरीला ठाऊक. त्यांना कुठं ठाऊक?”

मला या प्रकाराचे खरोखरच कुतूहल वाटले. तेच शब्द कागदावर नुसत्या काढलेल्या चपला होते, आणि फोनवर तोच कबुलीजबाब झाला होता. पण कुतूहलाने अक्कांचे डबे परत येणार नव्हते. अशा वेळी स्थळपाहणी केल्याशिवाय पुढचा अर्ज लिहू नये, हा माझा नियम आहे. मी टेबल आवरले आणि त्यांच्याबरोबर कमरीपेठेत गेलो.

खानावळ म्हणजे एकच लांबट खोली. बाहेरून पाहिले तर पत्र्याच्या छपरावर शेजारणीने ब्याडगी मिरच्या वाळत घातल्या होत्या. अक्कांनी मला ज्वारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी वाढली. जेवता जेवता मी फोन काढला आणि त्या गृहस्थाचे इंग्रजी किती दरिद्री आहे हे अक्कांना पटावे म्हणून तक्रार शब्दाला शब्द लावून मराठीत वाचू लागलो: “आम्ही वरती बसलो पंखा नाही जिन्यात वास...”

अक्कांचा वाढता हात थांबला. “वरती म्हंजे?”

“माडीवर.”

“कुणाच्या माडीवर?”

मी वर पाहिले. डोक्यावर पत्रा होता.

सार सांगणे हा माझा व्यवसाय. सारात जिना कधी येत नाही. आता मात्र उलगडा व्हायला वेळ लागला नाही. आपल्या हुबळी-धारवाडात एकाच सत्पुरुषाच्या नावाच्या खानावळी जागोजागी आहेत; अक्कांचीही त्यांतलीच. बसस्थानकाकडे त्याच नावाची, माडी असलेली एक आहे. गृहस्थ जेवले तिथे आणि नकाशावर बोट ठेवले इथे.

अक्का पाटावर बसल्या आणि सांगू लागल्या. “लिवा, आमच्याकडं माडी नाही. वर पत्रा आहे. पत्र्यावर शेजारणीच्या मिरच्या वाळतात. येऊन बघा, जेवा, मग लिवा.”

सुरुवातीला निदान ‘सविनय’ असावे, असे मी सुचवले.

“तुमचे हात आता जेवायला लावा री, जोडू नका,” अक्का म्हणाल्या, आणि शेजारच्या पंक्तीतले दोघे हसले.

मी त्यांची वाक्ये होती तशी इंग्रजीत लिहिली. मायना नाही, विषय नाही, संदर्भ नाही. पहिला अर्ज काढून टाकला; कचेरीच्या भाषेत सांगायचे तर मागे घेतला. एवढा उघडाबोडका मजकूर माझ्या हातून पूर्वी कधी गेला नव्हता.

रविवारी दुपारी व्यवस्थापक न कळवता आले. मी तिथे होतो, कारण स्थळपाहणी एका भेटीत पुरी होत नाही. दारात उभे राहून त्यांनी आधी छताकडे पाहिले, मग बाहेर जाऊन छपराकडे पाहिले. पत्रा रिकामा होता. आत येऊन त्यांनी हसत कन्नडमध्ये मिरच्या कुठे गेल्या असे विचारले.

“उतरवल्या,” अक्का म्हणाल्या. “थोड्या तुमच्या ताटात येतील. बसा.”

ते बसले आणि पोटभर जेवले. सोमवारी त्या दोन बायका भाकऱ्या थापायला आल्या.

काही दिवसांनी अक्कांनी मला पुन्हा फोन दाखवला. व्यवस्थापकांनी नकाशावर स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या, इंग्रजीत, सगळी अक्षरे लहान, शेवटी पूर्णविराम नाही. अक्का म्हणाल्या, “सार नको. आहे तसं वाचा.” मी आहे तसे वाचले: जेवण उत्तम माडी नाही चटणी तिखट रोजचे डबे इथूनच घेतो.

“काही चूक आहे काय त्यात?” त्यांनी विचारले.

माझ्या बोटाला पूर्णविराम देण्याची फार इच्छा होत होती. “मजकुरात नाही,” मी म्हणालो, आणि फोन त्यांच्या हातात परत दिला.