चेंबरचा नट आणि माझा बा

माझ्या बापानं मालकाची मोटार बिघडवली होती. स्वतःच्या हातानं. आणि पायानंसुद्धा.

आज बा जाऊन वर्ष झालं. सकाळपासून नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरतोय. खाली लिहिलंय, ‘मालकाचा इमानी ड्रायव्हर’.

मी लगेच लिहिलं, काढा ते. कुणी काढलं नाही. म्हणून ही पोस्ट. डोकं फिरलंय माझं, आधीच सांगते.

निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं. सेनगावकडचा आमचा तांडा. आजोबा बैलगाडीनं धान्याची पोती वाहायचे. बा, म्हणजे हरी, मात्र लॉरीवर राहून मोटार शिकला आणि ऐन विशीत कळमनुरीकडच्या एका जमीनदाराकडे ड्रायव्हर लागला. घरात त्यांना नुसतं ‘मालक’ म्हणत. मी आजही नाव घेत नाही.

मोटार विलायती, काळीभोर. हँडल मारून सुरू व्हायची.

एकदा सकाळी बानं ऑइल बदललं. इंजिनाखाली ऑइलचं चेंबर असतं, त्याच्या बुडाला एक नट. तो काढला की जुनं ऑइल बाहेर. नवं भरायच्या आधी तो परत आवळायचा.

आता बा आवळायला शिकला कुठं? आजोबांच्या गाडीवर!

पोत्यांना पाय लावायचा, दोर ओढायचा, अंगातला सगळा जोर काढायचा. सैल राहिलं तर उतारावर पोती अंगावर. त्याच सवयीनं बा मोटारीखाली आडवा झाला, पान्याला टाच लावली आणि दिली रेटून.

भोकातले आटे, म्हणजे पेच, झिजून गेले. त्याला कळलंसुद्धा नाही.

“मला वाटलं, लई पक्कं बसलं,” असं सांगायचा आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायचा.

मालकांना घेऊन जाताना आखाडा बाळापूरच्या बाजारापाशी ऑइलच्या मीटरचा काटा शून्यावर आला. बानं तिथंच इंजिन बंद केलं, म्हणून ते वाचलं. वाकून बघतो तर नट नुसता लोंबकळतोय आणि मागं रस्त्यावर ऑइलची रेघ.

मालक खाली उतरले. बाजाराचा दिवस, बघ्यांना फुकटचा तमाशा.

बानं सरळ सांगून टाकलं, “माझी चूक हाय मालक. मीच जास्त आवळला.”

इथं विषय संपायला पाहिजे होता की नाही? पण मालक लोकांकडं बघून हसले.

“तांड्यावरच्या माणसाच्या हातात मोटार दिली, चूक तर माझी! जा, बैलजोडी आण. जुंप मोटारीला. आन् कासरा धरून भर बाजारातून घरापर्यंत चाल. तुला तेच जमतं.”

लोक हसले.

बाला बैलांची लाज नव्हती, बरं का. बैलांवर आमच्या पिढ्यान्पिढ्या जगल्या. पण त्याच गोष्टीची कुणी चारचौघांत लाज वाटायला लावावी, हे त्याला सोसलं नाही.

“बैल न्हाई जुंपणार.”

“काहून?”

“मोटार चालत आली, चालत जाईल. तुमचं काम उरकंस्तोवर वेळ द्या.”

“आन् न्हाई चालली तर?”

“तर मला जुंपा.”



बा थेट बाजारातल्या लोहाराच्या पालात शिरला. भंगारात दोन सारखे बोल्ट मिळाले, जुन्या नटापेक्षा जरा जाड. एकाचं तोंड निमुळतं केलं, कानशीनं अंगावर तीन उभ्या खाचा पाडल्या, भट्टीत लाल करून पाण्यात बुडवला. ह्यानं चेंबरच्या भोकात नवे आटे पाडायचे. दुसरा बोल्ट कापून त्याचा नट केला. चेंबर अॅल्युमिनियमचं, मऊ धातू, म्हणून हे शक्य होतं.

लोहार म्हणाला, “आरं, आत चुरा पडला तर इंजिनाचं वाटोळं व्हईल.”

बानं खाचांत ग्रीस भरलं. चुरा ग्रीसला चिकटतो. अर्धा फेरा पुढं, थोडा मागं. बाहेर काढायचं, पुसायचं, पुन्हा ग्रीस. माणसं वाकून वाकून बघून राहिली होती. एकजण ओरडला, “हरी, खांद्याला तेल लाव रं, जू बसणार हाय!”

बानं मान वर केली नाही.

वायसर? लोहाराकडे विहिरीच्या मोटेचं फाटकं कातडं पडलं होतं. त्याची चकती कापली, ऑइलमध्ये भिजवली. नट बसवला. ह्या वेळी पाय नाही लावला, नुसत्या मनगटानं आवळला.

डिकीतला ऑइलचा डबा ओतला. खाली स्वतःचं पांढरं उपरणं अंथरलं.

एक थेंब नाही!

हँडल मारलं. मोटार सुरू.

मालक येऊन मागं बसले. बाजाराला वळसा घालून जायला रस्ता होता. बानं मोटार मुद्दाम बाजाराच्या मधून नेली. सावकाश, हॉर्न वाजवत. माझा बाप!

घरी पोचल्यावर मालक खुशीत. “शाब्बास हरी! जा, माफ केलं तुला. उद्या लवकर ये.”

बानं हँडल ओसरीवर ठेवलं.

“उद्यापासून दुसरा माणूस बघा मालक.”

“काहून? मी माफ केलं न्हवं?”

“तुमी केलं. मी न्हाई केलं.”

आणि पायी तांड्यावर निघून आला. आजोबांनी शिव्या घातल्या. चांगली नोकरी लाथाडली म्हणून आज्जी तर दोन दिवस बोलली नाही. मालकांनी दोनदा निरोप धाडला. बा गेला नाही. पुन्हा लॉरीवर क्लीनर म्हणून लागला, पहिल्यापासून.

शेवटच्या आजारपणात मी त्याचे पाय चेपत होते. सहज विचारलं, “बा, आता तरी माफ करून टाक की. मालक जाऊनसुद्धा किती वर्षं झाली.”

डोळे मिटलेलेच होते त्याचे.

“माफी मागितली आसती तर केलं आसतं बाई. त्यांनी मागितलीच न्हाई.”

नाही मागितली, बा. त्यांच्यानंतर त्यांच्या घरातल्या कुणीही नाही.

माझ्याकडूनही माफ नाही.

तुला तुझ्या धाकट्या लेकीचा रामराम.