सयाजीचं तीन तोंडांचं खोकं

सयाजी साळोखे मोटारी भरायचा. रस्त्यावर धावतात त्या नव्हेत. उसाला पाणी पाजणाऱ्या, विहिरीवरच्या. उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की त्या धडाधड जळायच्या आणि शेतकरी त्या एसटीच्या टपावर घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याच्या खोलीपुढं आणून आदळायचे. आतली जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून बसवायची, वरून वार्निश पाजायचं, हा त्याचा धंदा. तोंडानं तुटक, हातानं चिवट. आणि हट्टाचं म्हणाल, तर तो राहायचा त्या शिवाजी पेठेत हट्टी माणसांचा तोटा कधीच नव्हता, पण सयाजीपुढं तेही हात टेकायचे.

त्याला वाढवला आक्कानं. ही त्याची थोरली बहीण. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं, माहेरी परत आली, आई गेल्यावर लहानग्या भावाला पदराखाली घेतलं. तिला स्वतःचं म्हणावं असं जगात एकच होतं, तिचा गळा. गल्लीतल्या देवळात शुक्रवारी बायकांचं भजन असायचं आणि आक्कानं गवळण उचलली की तालमीतली पोरंसुद्धा शड्डू थांबवून दारात येऊन उभी राहायची. कुणी शिकवलं नव्हतं तिला. आवाज होता, बस्स.

त्याच गळ्यात गाठ आली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठ काढायला पाहिजे, पण आवाजाची शीर वाचेलच असं नाही. सयाजीनं कागदावर सही केली. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती घोगरी कुजबुज, तीही पाच-सहा शब्दांनंतर दमणारी.

मग समजूत घालायला अख्खी गल्ली आली. ‘आवाजाचं काय घिऊन बसलीयास, जीव हाय न्हवं?’ ‘आपण काय रेडिओवर गाणार हुतो व्हय?’ सयाजीनंही तेच सांगितलं, आणि पुन:पुन्हा सांगितलं, कारण सही त्याची होती. आक्का सुरुवातीला चुलीपुढं बसून रडायची. मग एक दिवस तिनं रडायचं सोडून दिलं. सयाजीला याचीच जास्त धास्ती वाटली. जेवायला वाढलं तर जेवायची, हाक मारली तर बघायची, देवळाच्या बाजूला मात्र फिरकायची नाही.

पिराजी मांडववाल्याकडं स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. पेठेत तो एकच. आदल्या वर्षी त्यानं देवळात आक्काची एक गवळण भरून ठेवली होती. बिचारा भल्या मनानं यंत्र उचलून घरी घेऊन आला. ‘आक्का, तुमचं गाणं ऐकवतो.’ त्या यंत्राचा स्पीकर तळहाताएवढा. त्यातून आवाज आला तो चिरका, नाकातला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. आक्का शेवटपर्यंत ऐकत राहिली.

‘आसं गात हुतो मी?’ ती कुजबुजली. ‘मग गेलं ते बरंच झालं की. पिराजी, पूस हे.’

पिराजीला रीळ हवंच होतं. चैत्रात जोतीबाच्या यात्रेत गोंधळ्यांची गाणी भरायची होती आणि चांगलं रीळ सहजी मिळत नव्हतं. तो ‘व्हय’ म्हणून मोकळा झाला. सयाजी मात्र उठून उभा राहिला.

‘हा आवाज तुझा न्हवं, ह्या डबड्याचा हाय,’ तो म्हणाला. ‘यात्रेपतूर थांब पिराजी. मी स्पीकर करतो. मग ऐकू दे तिला.’

‘एकदाच ऐकणार,’ आक्का म्हणाली. ‘मग पुसायचं.’

सयाजीनं जन्मात स्पीकर केला नव्हता. लक्ष्मीपुरीतल्या रेडिओवाल्यानं त्याला कुठल्याशा मासिकातलं एक पान काढून दिलं. त्यावर आकृती होती. आवाजाचे तीन वाटे करायचे: खालचा जाड आवाज मोठ्या तोंडाला, मधला मधल्याला, वरचा बारीक धाकट्याला. हे वाटे पाडायला तारेची वेटोळी आणि कंडेन्सर यांची एक चाळण. वेटोळी बघून सयाजीला हसूच आलं. हे तर त्याचं रोजचं काम. उरलेल्या तारेतून लाकडी रिळांवर त्यानं ती गुंडाळली, आणि कंडेन्सर काढले जुन्या पंपांच्या मोटारींतले. मोठा स्पीकर बंद पडलेल्या तंबूतल्या टॉकीजचा मिळाला. त्याचा कागद फाटला होता, तो पतंगाचा कागद खळीनं चिकटवून सांधला. मधला घरच्याच रेडिओतून उपसला, त्यामुळे घरात रेडिओ उरला नाही. धाकटा तेवढा विकत आणला. यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या जाड फळ्यांचं खोकं झालं, फटी भुसा आणि सरसानं बुजवल्या. आत कापूस भरायला लागतो हे कळल्यावर त्यानं बायकोची सावरीची उशी फाडली.

‘डोस्क्याखाली आता विटा घिऊन निजू का?’ शालू करवादली. पण उशी दिली तिनंच.

त्या आकृतीत एक गोष्ट सयाजीला खटकली. मोठ्याची आणि धाकट्याची तार सरळ होती, मधल्याची मात्र उलटी दाखवली होती. अधिकच्या जागी उणे. छापणाऱ्यानं माती खाल्लीय, सयाजी मनाशी म्हणाला. मोटारीत एक वेटोळं उलटं बसलं तर मोटार नुसती घुमते, फिरत नाही आणि जळून जाते. हे ज्याला कळत नाही त्यानं तारेला हात लावू नये. त्यानं मधली तार सरळ करून टाकली आणि पाठची फळी स्क्रूनं आवळून घेतली. बॅटरी टेकवून पाहिलं तर तिन्ही तोंडं ‘खट्’ म्हणाली. याहून जास्त तपासायला घरात यंत्र नव्हतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी दुपारी पिराजीचा ट्रक दारात आला. मांडवाचं सामान लादलेलं, वर माणसं बसलेली, डोंगरावर जायची घाई. पिराजी रेकॉर्डर घेऊन आत आला.

‘बिगी बिगी आवरूया. आणि सांगून ठेवतो, हे रीळ मधे एकदा तुटलंय, चिकटवलंय. परत तुटलं तर माझ्याकडं बोट दावायचं न्हाई.’

आक्का भिंतीला टेकून बसली. खोकं तिच्या कमरेएवढं उंच. सयाजीनं तारा जोडल्या आणि पिराजीनं खटका दाबला.

बाजाची पेटी वाजली. अशी वाजली की शालू दचकली. देवळातलीच पेटी घरात येऊन बसली होती. मग टाळ आले, लखलखीत, एकेक वेगळा. सयाजीच्या अंगावर काटा आला. आणि मग आक्का गायला लागली.

ती कुठंतरी लांब होती. पेटी इथं, टाळ इथं आणि आक्का भिंतीपलीकडं. आवाज पोकळ, सत्त्व काढून घेतल्यासारखा. चिरका नव्हता, पण आवाज म्हणावा असंही त्यात काही नव्हतं.

आक्का उठली. ‘बघितलास? आता तरी पटलं? पिराजी, ने ते.’ आणि ती आतल्या खोलीकडं वळली.

‘थांब, थांब!’ सयाजी खोक्यापाशी गुडघ्यावर बसला. टेप चालूच होता. त्यानं एकेका तोंडाला कान लावला. मोठं बोलत होतं, मधलं बोलत होतं, धाकटं बोलत होतं. मग आवाज जातोय कुठं? मोठ्याचा कागद पुन्हा फाटला की काय म्हणून त्यानं त्यावर दोन्ही तळवे टेकवले, आणि आक्काचा आवाज पुढं आला. हात काढला, मागं गेला. पुन्हा टेकवले, पुढं आला.

एकाचं तोंड दाबलं की आवाज वाढतो, म्हणजे दोघं एकमेकांशी भांडताहेत! जिथं जाड आवाज संपून मधला सुरू होतो तिथं एक ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, आणि आक्काचा गळा बरोबर त्या सांध्यात सापडलाय. छापणाऱ्यानं माती खाल्लीच नव्हती. खाल्ली होती सयाजीनं, आणि तीही मोठ्या ऐटीत. आवाज चाळणीतून गेला की त्याचा पाय मागं-पुढं होतो, तो जुळवायलाच ती तार उलटी दाखवली होती. मोटारीचा नियम त्यानं गाण्याला लावला होता.

पिराजीनं टेप बंद केला. ‘सयाजी, पोरं उन्हात बसल्यात.’

‘पाठ उघडतो. एक तार फिरवायची हाय.’

‘आक्का एकदाच म्हणाल्यात. मी शब्द दिलाय.’

‘भावजी, च्या टाकलाय,’ शालू मधे पडली. ‘घेतल्याबिगर कसं जाशिला? आणि यात्रंला रिकाम्या प्वाटी जात्यात व्हय?’ तिनं पिराजीच्या हातात पोह्यांची ताटलीच दिली. पिराजी पडला कोल्हापूरचा, खाणं टाकून उठणं त्याला जमणार कसं?

सयाजीनं स्क्रू काढायला घेतले. इतक्या जोरानं आवळले होते की एक निघेना. पाना घालून तो तोडलाच. कापूस उपसला, तो घरभर उडाला. बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. सांध्याला कथलाचा डाग द्यायची इस्त्री तापायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं तारा दातांनी सोलल्या, उलट करून नुसत्या पिळल्या. आता चुकलं तर परत संधी नाही, उद्या या रिळावर संबळ वाजणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कापूस कोंबला, फळी ढोपरानं दाबून धरली.

‘लाव.’

पिराजी घुटमळला. आतल्या दाराकडं बघत त्यानं रीळ मागं घेतलं. चिकटवलेला सांधा येताना कर्रकन् वाजला. सांधा टिकला.

पेटी. टाळ. आणि आक्का.

या वेळी ती खोलीत होती. भरदार, उन्हात तापलेल्या जमिनीसारखा ऊबदार आवाज. कुठं ओढून ताणून आणलेला नाही. वर जाताना कणभर थरथरायचा आणि तिथूनच एकदम मोकळा व्हायचा, तेही जसंच्या तसं. दोन ओळींच्या मधे तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. पिराजीचा घास हातातच राहिला. बाहेरचा भोंगा थांबला. ट्रकवरची पोरं उतरून दारात गोळा झाली होती.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आक्का पाठमोरी उभी होती. गवळणीच्या शेवटच्या ओळीला ती वळली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. तोंड वाकडं झालं आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

टेप संपला. रीळ नुसतंच फिरत राहिलं. पिराजीनं हलकेच खटका वर केला, रीळ काढलं आणि काही न विचारता आक्काच्या हातावर ठेवलं.

‘एवढं चांगलं गात हुतो मी?’ ती म्हणाली.

‘व्हय, आक्का.’

‘मग मी काय उगं रडत न्हवतो,’ ती म्हणाली. ‘तुमी समदी म्हनायचा, काय एवढं त्यात. मलाबी तसंच वाटाय लागलं हुतं. रडायचीसुदिक लाज वाटाय लागली.’

दम लागून ती खाली बसली आणि रीळ पोटाशी धरून मोठ्यानं रडली, घोगऱ्या, फाटक्या आवाजात, माणसं बघताहेत याची पर्वा न करता. सयाजीनं या वेळी तिची समजूत घातली नाही. तो तिच्याजवळ फरशीवर बसला आणि तोही रडू लागला.