सहा इंचांची सहल

सहलीची एवढी तयारी केलेला आणि सहलीला इतका कमी गेलेला माणूस अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आमच्या साडूंशिवाय दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. पालेगावला नव्या इमारतींच्या रांगेत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे, अंबरनाथच्या एका कारखान्यात तयार माल तपासायची नोकरी आहे, आणि इतर लोक खिशाला पेन लावतात त्या जागी त्यांच्या शर्टाच्या खिशात पोलादी टेप आहे. ताईंना बघायला आले तेव्हा सासऱ्यांच्या घरचा लंगडा टीपॉय त्यांनी आधी मोजला, एका पायाखाली बरोबर पाच मिलिमीटरचा पुठ्ठा सरकवला आणि मगच चहाला हात लावला. मुलगा कामाचा आहे, असं सासरे त्याच बैठकीत म्हणाले. कामाचा आहे यात वादच नाही. फक्त त्यांचं काम चालू असताना आपण नेमके कुठे आहोत आणि आज वार कोणता, हे मला आजवर कधी नीट कळलेलं नाही.

या सगळ्याची सुरुवात त्यांच्या मैत्रीपासून झाली. मैत्री ही त्यांची एकुलती एक लेक. दुसरीत असताना ती शाळेतून आली ती पार्क, पार्क करतच. वर्गातली कुणी मुलगी पाण्याच्या आणि पाळण्यांच्या एका मोठ्या पार्कात जाऊन आली होती आणि तिथे म्हणे पाच मजली घसरगुंडी होती. "बाबा, आपण पण जायचं?" तिने विचारलं. "जायचं," दाजी म्हणाले. दुसरा कुणी बाप असता तर रविवार बघून निघाला असता किंवा परवडत नाही म्हणून गप्प बसला असता. दाजींना दोन्ही जमलं नाही. एका पगारात घराचा हप्ता भागवून तीन माणसांची अशी सहल काढणं ही त्यांच्या घरात सणाएवढी गोष्ट होती, आणि लेकीला शब्द तर दिलेला. त्यांनी पार्कात फोन लावला आणि पलीकडच्या मुलीशी चाळीस मिनिटं बोलून दोन नियम काढून घेतले. चार फुटांच्या खालच्या मुलांना मोठ्या घसरगुंडीवर सोडत नाहीत. साडेचार फुटांच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट.

हे ऐकून दाजी जे खुलले ते बघण्यासारखं होतं. कारखान्यात ते एक दांडी वापरतात, तिला गेज म्हणतात. तिचं एक टोक मालाच्या भोकात गेलंच पाहिजे, ते 'गो'. दुसरं टोक जाता कामा नये, ते 'नो-गो'. दोन्हीच्या मध्ये बसला तो माल पास, आणि त्या मधल्या मोकळिकीला टॉलरन्स म्हणतात. "साडूभाऊ, आपल्याकडे सहा इंचांची टॉलरन्स आहे," ते मला फोनवर म्हणाले. मी विचारलं, कशाची? ते म्हणाले, मैत्रीची. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने दोन रेघा मारल्या, चार फुटांवर 'गो' आणि साडेचारवर 'नो-गो', आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मैत्रीला तिथे उभं करायला सुरुवात केली. माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभरात थोडा दबतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून माप दोनदा. पार्कात जाताना पोरीला गाडीत आडवं होऊ द्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. अजून ती साडेतीन इंच कमी होती, त्यामुळे ते वर्ष तिच्या वाढण्यात गेलं. ती रोज दूध प्यायची आणि चौकटीकडे बघायची.

दुसरा मुद्दा गर्दीचा. गर्दी नसली की तिकिटावर सवलत, आणि घसरगुंडीच्या रांगेत जीव जात नाही. तर गर्दी कधी नसते? दाजींच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे, तिसऱ्या पिढीचं धर्मांतरित घर आहे. आणि त्या घरात त्या वर्षी पहिल्यांदा पंचांग आलं. चांगला मुहूर्त बघायला नव्हे. लोक ज्या दिवशी घराबाहेर पडत नाहीत, नवी खरेदी करत नाहीत, कार्य काढत नाहीत, ते दिवस हुडकायला. अमावास्या, पितृपक्ष, ग्रहणाचे वेध, सगळ्यांना त्यांनी हिरव्या स्केचपेनने गोल केले. "आजोबांनी दीक्षा घेतली आणि आपल्याला वर्षाचे सगळे दिवस मोकळे करून दिले," ते म्हणाले. "त्याचा काही उपयोग करायचा की नाही?" तेव्हापासून त्यांच्या बोलण्यातल्या 'चांगला दिवस' या शब्दांचा अर्थ उलटा झाला, आणि आमच्या गोंधळाला खरी भर आली. "दिवस एकदम चांगला सापडलाय" असा त्यांचा निरोप आला की बायको पंचांग काढून विचारायची, चांगला म्हणजे आपला चांगला की दाजींचा चांगला?

पहिला चांगला दिवस त्यांनी आषाढातल्या अमावास्येचा काढला. मैत्री तोवर 'गो'च्या रेघेवर पाऊण इंच आली होती. सगळा हिशेब बरोबर होता, फक्त त्या दिवशी गटारी असते हे पंचांगात ठळक छापलेलं नव्हतं. श्रावण लागायच्या आत खाऊन-पिऊन घेण्यासाठी अर्धा जिल्हा त्या दिवशी कुठल्या ना कुठल्या पाण्यात जाऊन पडतो. त्यांच्याच कारखान्यातली पोरं सकाळी सहाला पार्काकडे निघालेली त्यांना नाक्यावर भेटली. दाजी परत फिरले. पण त्यांची ती सुट्टी वाया गेली नाही. त्याच दुपारी बदलापूरला मांजर्लीत आमच्या घरात नदीचं पाणी शिरलं, आणि कंबरभर पाण्यातून सगळ्यात आधी दाजी आले. गॅसची शेगडी, गाद्या, मैत्रीहून लहान म्हणून सगळे जिला धाकटी म्हणतात त्या आमच्या लेकीचा पाळणा त्यांनी डोक्यावरून वरच्या मजल्यावर नेला आणि पुढचे दोन दिवस आमच्याबरोबर गाळ उपसला. जाताना त्यांनी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावली, आकडा बघितला आणि टेप खिशात टाकली. माणसावर जीव लावण्याची त्यांची रीत ही अशी आहे.

तिसरा मुद्दा माणसांचा. पंधरा जण एकत्र गेले की आणखी सवलत. आता पंधरा माणसं जमवायची आणि तीही अवसेला, म्हणजे काय होणार ते उघड आहे. दिवस सगळ्यांच्या सोयीचा निघाला तर तो गर्दीचा निघायचा, आणि दाजींच्या मनासारखा निघाला तर माणसं गळायची. त्यांच्या इमारतीखाली पालेगावातले एक म्हातारे शेतकरी बसायला येतात. ते आधी नातवंडांसकट यायला कबूल झाले, मग तारीख ऐकून उठूनच उभे राहिले. "अवसेला पोरांना घेऊन पान्यान नाय जायाचा," ते म्हणाले, आणि दाजींना पण नका जाऊ म्हणून विनवून गेले. दाजींनी 'पार्क फायनल' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. तो मोडून 'पार्क फायनल २' झाला, त्यानंतर 'पार्क खरंच फायनल'. तिन्ही ग्रुप एकाच वेळी चालू राहिले, तिन्हींवर वेगवेगळ्या तारखा होत्या, आणि मी तिन्हींवर "ओके" लिहीत होतो.

एकदा तिसऱ्या ग्रुपवर निरोप आला, "परवाचं रद्द समजा." परवा, म्हणजे दोन दिवसांपूर्वी, याच ग्रुपवर डबे कुणी आणायचे यावर लांबलचक चर्चा झाली होती. ती रद्द झाली, असं मी समजलो. म्हणजे डबे आपले आपण. दोन दिवसांनी मी रजा टाकून, बायकोला आणि झोपाळलेल्या धाकटीला घेऊन, चाळीस पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीसकट पहाटे पालेगावला हजर झालो. दाजींनी बनियनवर दार उघडलं. परवाची डब्यांची चर्चा रद्द झाली म्हणून डबा घेऊनच आलो, असं मी सांगितलं. "तुम्ही कोणत्या परवाबद्दल बोलताय?" त्यांनी विचारलं. शेवटी सगळ्यांनी मिळून त्यांच्या गच्चीत पुऱ्या खाल्ल्या आणि मैत्रीने आमच्या धाकटीला बादलीभर पाण्यात पार्क करून दाखवलं.

या सगळ्यात पोहण्याचा पोशाख मात्र वेळेच्या फार आधी आला. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात तो स्वस्त मिळतो म्हणून दाजी मला घेऊन गेले. गुलाबी, बाह्यांवर मासोळ्या. त्यांनी वाढत्या अंगाचा म्हणून दोन नंबर मोठा मागितला आणि धुतल्यावर आटेल का, हे दुकानदाराला चारदा विचारलं. सिंधी दुकानदार शांतपणे म्हणाला, "साईं, ये नहीं सिकुडेगा. बच्ची बढ जाये तो अलग बात है." दाजी हसले. मीही हसलो. तेव्हा तो पोशाख मैत्रीच्या घोट्यापर्यंत येत होता.

अखेर मैत्री पाचवीत गेली त्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला दाजींचं सगळं जुळून आलं. दिवस कमालीचा वाईट, म्हणजे चांगला. पंधरा माणसं, सगळी आमच्याच समाजातली, कुणालाच अवसेचं काही नाही. आणि चौकटीवरचं शेवटचं माप 'नो-गो'च्या रेघेखाली अर्धा इंच. भाड्याच्या गाडीत दाजींनी लेकीला ताठ बसवून आणलं. पार्काच्या दारात उतरलो तर ही रांग. पुढचा माणूस मागे वळून म्हणाला, "जय भीम, साहेब." त्याच्या पुढच्याने पण जय भीम केला. निम्मी रांग दाजींच्या कारखान्यातली आणि ओळखीतली निघाली. तीन वर्षं चहाच्या टपरीवर दाजींनी हा शोध ज्याला त्याला समजावून सांगितला होता, आणि ऐकणाऱ्यांनी तो मनावर घेतला होता. "तुमचीच आयडिया, साहेब," एक जण कौतुकाने म्हणाला. दाजी दोन्ही हातांनी नमस्कार घेत उभे राहिले. त्यांना आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावरून सांगता आलं नाही.

तिकीट खिडकीशी जिराफाचं चित्र काढलेली एक फळी होती. मैत्री तिच्याजवळ गेली, पाठ टेकून उभी राहिली, आणि तिचा माथा साडेचार फुटांच्या खुणेखाली बरोबर अर्धा इंच आला. "हाफ," तिथली मुलगी म्हणाली. ताईंनी सुस्कारा सोडला. मीही सोडला. दाजी मात्र हलले नाहीत. आयुष्यभर वाकडा माल बाजूला काढलेली त्यांची नजर लेकीच्या लांब फ्रॉकवर खिळली होती.

"मैत्री, गुडघे सरळ कर," ते म्हणाले.

"बाबा, नो-गो होईल," ती हळूच म्हणाली.

"होऊ दे. सरळ उभी राहा. आपण वाकून माप देत नाही."

ती सरळ झाली. माथा खुणेच्या वर चांगला दीड इंच गेला. दाजींनी पूर्ण तिकीट काढलं, सुट्टे मोजून न घेताच खिशात टाकले, आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून तिला आत घेऊन गेले. मासोळ्यांचा पोशाख अंगात चढेना, दुसरा तिथे भाड्याने घ्यावा लागला. मैत्री त्या घसरगुंडीवरून अकरा वेळा खाली आली. दर वेळी वर पोचली की हात हलवायची, आणि खाली चपला-पिशव्यांच्या ढिगात बसलेले दाजी उठून उभे राहून हात हलवायचे.

तिथे शेजारी बसल्यावर मी त्यांना विचारलं की मग तीन वर्षं हे सगळं कशासाठी केलं. माझ्या डोक्यात खरोखरच काही शिरत नव्हतं. "अर्धं तिकीट मिळालं असतं तर हवंच होतं," ते म्हणाले. "पण ती वाकलेली मला बघवली नाही. आणि साडूभाऊ, दोन इंच एका रात्रीत वाढत नाहीत. घरी चौकटीजवळ पण ती वर्षभर थोडी थोडी वाकतच असणार. मी समोर बसून ती मापं लिहीत गेलो." एवढ्या वर्षांच्या नोकरीत एक नग चुकीचा पास न केलेला माणूस हे सांगत होता. मला त्यांची थट्टा करायची होती. ती माझ्याच्याने झाली नाही.

मैत्री आता अकरावीला आहे. बापाच्या खांद्याच्या वर गेली आहे, शनिवार-रविवार तिचा क्लास असतो. गेल्या महिन्यात दाजी अचानक आमच्याकडे आले. हातात कॅम्प दोनची ती जुनी पिशवी, पिशवीत तो मासोळ्यांचा पोशाख, अजून पाण्याचा थेंब न लागलेला. त्यांनी तो आमच्या धाकटीच्या अंगाला लावून बघितला. बरोबर बसत होता. सवयीने हात खिशाकडे गेला, टेप निघाली, धाकटी लगेच धावत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. दाजींनी टेप थोडी ओढली, तिच्याकडे बघितलं आणि न मोजताच सोडून दिली. ती सर्रकन आत गेली.

"हिला पार्कात नेऊ," ते म्हणाले.

मी भिंतीवरच्या पंचांगाकडे वळलो. मलाही आता सवय झाली आहे. "चांगला दिवस बघू का?" मी विचारलं.

"परवा रविवार आहे ना?" दाजी म्हणाले. "परवा जाऊ."

"रविवारी गर्दी असेल, दाजी. तिकिटावर सवलतही मिळायची नाही."

"असू दे," ते म्हणाले, आणि खाली वाकून धाकटीच्या फ्रॉकची गाठ नीट बांधू लागले.