सहा वाजताची हवा

माझ्या भावाचा एक्स-रे स्वच्छ निघाला तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जेमतेम अर्धा तास. त्यानंतर जे कळलं ते मला अजूनही पचलेलं नाही.

एक्स-रे काढणं हाच माझा धंदा. वीस वर्षं एकाच हॉस्पिटलच्या तळघरातल्या खोलीत. "श्वास घ्या, धरा, सोडा" हे मी इतक्यांदा म्हटलंय की घरी कुणी जरा मोठा उसासा टाकला तरी माझ्या तोंडून "धरा" निघतं. दुसऱ्यांच्या छातीत डोकावून डोकावून मी निबर झाले आहे असा माझा समज होता. तो समज एका सकाळीत गळून पडला.

आधी दादाबद्दल सांगते. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. स्वयंपाकघरातले ओटे बनवतो. खाणीतला दगड वेगळा. हा दगडाची भुकटी आणि राळ एकत्र दाबून केलेला, चकचकीत, हव्या त्या रंगात मिळणारा. कारखान्यात तो कापायचा, सिंकसाठी त्यात भोक पाडायचं, कडा घासून गोल करायच्या. कडा हे दादाचं काम. त्याने घासलेल्या कडेवरून बोट फिरवलं तर कुठे सुरुवात आणि कुठे शेवट कळत नाही. गिऱ्हाईक ओटा बघायला येतं आणि कडेलाच हात लावून उभं राहतं, असं वहिनी कौतुकाने सांगायच्या.

वहिनी त्याच कारखान्यात. दाराशी काचेची केबिन आहे, तिथे बसून त्या मापं घेतात, नकाशे काढतात, फोन उचलतात. लग्न जमलंही तिथेच. दादा रोज एकच माप तीनदा विचारायला केबिनमध्ये जायचा, तेव्हा मालकानेच वैतागून म्हटलं होतं, "अरे, एकदा लग्नाचं विचार आणि मोकळा हो."

दादाला स्वच्छतेचं वेड. लहानपणी पाटीवर बोट फिरवून धूळ दाखवायचा आणि आईचा मार खायचा. अशा माणसाने दिवसभर पांढऱ्या भुकटीत उभं राहायचं, म्हणजे थट्टाच. कामाला लागून वर्ष झालं असेल तेव्हा तो घरी येऊन शिंकत बसला होता. मी जरा तापट आहे. "ते तोंडावरचं फडकं फेकून दे," म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी चांगला रबरी मास्क आणून त्याच्या हातात ठेवला. दोन्ही गालांवर गोल डबे असलेला, गाळण्या बदलता येणारा. तो घातला की दादा हुबेहूब माशीसारखा दिसायचा. कारखान्यात त्याचं नावच माशी पडलं. दहा वर्षं तो माशी राहिला, पण माझ्या धाकाने मास्क काही काढला नाही.

दुकानात तसले मास्क ढिगाने होते. मी एकच घेतला. वहिनींना विचारलं होतं खरं. त्या हसल्या होत्या. "मला कशाला गं? मी तर काचेआड बसते."

आता सहा वाजताची गोष्ट. कारखान्यात दादा धरून आठ कारागीर. सहाला यंत्रं बंद झाली की बाकीचे सात जण तोंडावरचे कागदी मास्क गळ्याशी ओढायचे, पाणी प्यायचे आणि दाराजवळ ओळीने उभे राहायचे, हात पसरून. दादा कॉम्प्रेसरचा पाइप घ्यायचा आणि हवेच्या झोताने एकेकाला साफ करायचा. आधी डोकं, मग पाठ, मग बाह्या, शेवटी बूट. कुणाला गुदगुल्या व्हायच्या, कुणी मुद्दाम नाच करायचा. ओळीच्या शेवटी वहिनी. त्यांच्यावर दिवसभरात बसलेली बारीकशी धूळ दादा हलक्या हाताने, पाइप लांब धरून उडवायचा, आणि सगळे "ओहोहो" करायचे. ही पद्धत दादानेच पाडली होती. "माझ्या हाताखालून कुणी मळकट घरी जायचं नाही," म्हणायचा. मी स्वतः दोन-तीनदा हे पाहिलंय आणि हसलेही आहे. वीस वर्षं छातीचे फोटो काढणारी बाई तिथे उभी राहून हसत होती, हे लिहिताना माझीच मला लाज वाटते.

लाद्या कापणाऱ्याला सगळे पैलवान म्हणतात. चाळिशीचा, दारातून आडवा होऊन शिरावं लागेल असा देह. मागच्या महिन्यात दादाच्या घरी तो पंखा पोचवायला आला. एकच जिना. वर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला, बोलता येईना. "दमा आहे म्हणतात," दादा म्हणाला, "वर्षभर औषध घेतोय." मी त्याच्या छातीकडे पाहिलं. वरवर, घाईघाईने चाललेला श्वास. दम्याच्या पेशंटचा आवाज मला ओळखता येतो. हा आवाज तो नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या टेबलासमोर जाऊन असा आवाज चढवला की त्याने सगळ्यांना दोन तासांची सुट्टी देऊन टाकली. आमच्या छातीच्या डॉक्टरबाईंनाही आधी सांगून ठेवलं होतं.

ठरल्या दिवशी सकाळी आठला सगळे टेम्पोतून उतरले, सहलीला आल्यासारखे. पैलवानाला मी आधी घेतलं. "श्वास घ्या, धरा, सोडा." धरताना त्याला खोकला आला, परत घ्यावं लागलं. पडद्यावर चित्र आलं आणि मला वाटलं, एक्स-रेच्या पाटीवर धूळ बसलीय. वरच्या भागात दोन्हीकडे पांढरे ठिपके, रव्यासारखे. मी पाटी पुसली. पुन्हा फोटो काढला. ठिपके तिथेच. वेडी आशा म्हणून दुसरी पाटी लावली. तिथेच.

मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. सातांपैकी पाच जणांच्या छातीत तोच रवा, कुणाच्या जास्त, कुणाच्या नुकता सुरू झालेला. बाहेर बाकावर ते एकमेकांना टाळ्या देत होते, आणि आत माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला चेहरा सरळ ठेवायची सवय आहे म्हणून निभावलं.

दादाला मी शेवटी घेतलं. कळ दाबताना देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. चित्र आलं. स्वच्छ. काळीभोर, मोकळी, धडधाकट फुप्फुसं. मी खुर्चीत बसले आणि चक्क हसले. माझा मास्क! माझ्या धाकाचा मास्क! इतकं बरं वाटलं की बाकीच्या पाच जणांची आठवण यायलाही क्षणभर वेळ लागला.

वहिनी नावांची यादी घेऊन दारात उभ्या होत्या. "सगळे झाले ना? मी निघते मग."

"आल्यासारख्या तुम्हीही काढून घ्या," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम."

"अगं, मी काय दगड कापते?"

"या हो."

त्या केस सावरत उभ्या राहिल्या. धरा म्हटल्यावर शहाण्या मुलीसारखा श्वास धरला. मी पडद्याकडे पाहिलं, आणि पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. दोन्हीकडे, वर, तोच रवा. पैलवानाच्या खालोखाल दाट.

फोटो डॉक्टरबाईंपर्यंत पोचेस्तोवर दोन तासांची सुट्टी संपून कारागीर कामावर परत गेले होते. उद्या सकाळी त्या स्वतः कारखान्यात येऊन एकेकाशी बोलणार होत्या. दादाला आणि वहिनींना तेवढं मी थांबवलं होतं. पडद्यावर दोघांचे फोटो शेजारी शेजारी होते. दादा एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे.

"अदलाबदल झालीय," तो मला म्हणाला. "छोटे, नीट बघ. घासणारा मी आहे."

"अदलाबदल नाही रे दादा."

"अगं, ही काचेआड बसते!"

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "मला तुमचा दिवस सांगा. सकाळपासून."

दादाने सांगितला. कापताना पाणी सोडतात, केबिनचं दार बंद असतं, कडांवर शेवटचा हात तेवढा कोरडा, पाण्याशिवाय फिरवतात, तेव्हा आपण मास्क घालतोच. आणि मग, आपली बाजू भक्कम करायला म्हणून, त्याने सहा वाजताचं सांगितलं. अगदी अभिमानाने. हातात पाइप आहे असं धरून दाखवलं. डोकं, पाठ, बाह्या, बूट.

"त्या वेळी तुमचा मास्क?"

"तोंडावरच. धूळ किती उडते!"

"आणि त्यांचा?"

"काम संपलेलं असतं ना, त्यांनी काढलेला..." दादा थांबला.

डॉक्टरबाईंनी आवाज न चढवता सगळं सांगितलं. डोळ्यांना दिसते ती धूळ खाली पडते किंवा नाकात अडकते. न दिसणारी खरी वाईट. केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतके बारीक कण, ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट तळापर्यंत जातात. गेले की परत येत नाहीत. कपड्यांवर बसलेले कण झोताने पुन्हा हवेत उठतात, आणि समोर माणूस उघड्या तोंडाने हसत उभा असतो. ओळीच्या शेवटी उभं राहणाऱ्याच्या वाट्याला तर आधीच्या सगळ्यांची धूळ. दिवसभर थोडंथोडं मिळतच होतं, त्यावर रोज हा घास.

"औषध?" वहिनींनी विचारलं.

"आत गेलेलं काढता येत नाही. त्या हवेत पुन्हा जायचं नाही, म्हणजे वाढायचा वेग कमी होईल अशी आशा. बाकी आपण बघत राहू."

दादा पांढराफटक पडला होता. "मी अकरा वर्षं..." एवढंच म्हणाला. मला त्याला जवळ घ्यायचं होतं आणि त्याच वेळी कुणाला तरी फाडकन थोबाडीत द्यायची होती. कुणाला, ते ठरेना. मालकाला? कागदी मास्क देणाऱ्याला? ढिगातून एकच मास्क उचलणारीला?

वहिनींना मी घरी चला म्हणून खूप विनवलं. ऐकलं नाही, दादाबरोबर परत कामावर गेल्या. "सगळ्यांना सोडून मी एकटीच कशी जाऊ?" माझ्याकडून चांगला मास्क मात्र मागून घेतला. संध्याकाळी मीही कारखान्यात गेले.

सहा वाजले. यंत्रं थांबली. सवयीने कागदी मास्क गळ्याशी आले, पाणी पिऊन झालं आणि सात जण दाराशी हात पसरून उभे राहिले. मागे वहिनी.

"चल रे माशी, आटप लवकर," पैलवान म्हणाला.

दादाचा हात पाइपकडे गेला. गेला आणि तिथेच अडकला. मग त्याने जाऊन कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं, पाइप कटरने कापून टाकला, आणि नळाखाली बादली लावली.

"मास्क वर घ्या," तो म्हणाला. "सगळ्यांनी."

"काम संपलंय की!"

"घ्या म्हणतो ना!"

दादाला ओरडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मास्क वर घेतले. डॉक्टरबाईंनी उद्यापर्यंत गप्प राहायला सांगितलं होतं, पण त्याला ते जमलं नाही. फडकी भिजवता भिजवता, त्यांच्याकडे न बघता त्याने सांगून टाकलं. झोताचं, न दिसणाऱ्या धुळीचं, स्वतःच्या स्वच्छ फोटोचं. मला वाटलं, आता कुणीतरी धावून जाईल त्याच्या अंगावर. जावं, असंही एका मनाला वाटलं.

कुणी हललं नाही. हातसुद्धा खाली आले नाहीत. पैलवान म्हणाला, "पण तू तर आम्हाला साफ करत होतास."

त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. दादाने मान खाली घातली आणि ओलं फडकं त्याच्या पाठीवरून फिरवायला लागला. मीही एक फडकं घेतलं. पाइपने चार मिनिटांत होणारं काम, त्याला पाऊण तास लागला. कुणी नाचलं नाही.

शेवटी वहिनी. दादाने त्यांचे केस पुसले, मग खांदे, मग पाठ. पुन्हा खांदे. फडकं पिळून पुन्हा पाठ.

"अहो, पुरे," वहिनी म्हणाल्या. "वर काही नाही आता."

तो पुसतच राहिला.